तारण गमावता येते का? वादाची पार्श्वभूमी

ख्रिस्तावर विश्वास ठेवणाऱ्याचे तारण, म्हणजे पापातून झालेली सुटका, जाऊ शकते का, यावर आज बहुधा बायबलमधली दोन वचने समोरासमोर उभी केली जातात. योहान 10:28 म्हणते, येशूच्या हातातून मेंढरे कोणी हिसकावून घेणार नाही. इब्री 6:4-6 बजावते, पतित झालेल्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणे अशक्य. पण मंडळीत (चर्चमध्ये) हा वाद पेटला तो एका सरकारी दाखल्यावरून.

इ.स. 250 मध्ये रोमन सम्राट डेशियसने सर्वांना देवतांना बळी देण्याचा हुकूम काढला. इजिप्तच्या वाळूत बळी दिल्याचे त्या वेळचे चाळीसहून अधिक दाखले सापडले आहेत. मजकूर ठरलेला: मी नेहमीच देवतांना बळी देत आलो, आता तुमच्यासमोर अर्पण केले, बळीचे मांस चाखले, तरी सही व्हावी. एक दाखला तर मगरदेवाच्या पुजारिणीचा आहे. म्हणजे देवतांच्या पुजारिणीही हुकूमातून सुटल्या नव्हत्या. बऱ्याच ख्रिस्ती लोकांनी बळी दिला, काहींनी पैसे चारून नुसता कागद मिळवला. छळ ओसरताच दोघेही मंडळीच्या दारात. बिशप सिप्रियनच्या पुढाकाराने 251 मध्ये कार्थेजच्या सभेने ठरवले: कागदवाल्यांना प्रायश्चित्तानंतर प्रवेश, बळी देणाऱ्यांना मरणशय्येवर. रोममध्ये नोव्हेशियन नावाचा पाळक कोणालाच घेईना. तो फुटून निघाला.

उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन याने अखेरच्या वर्षांत प्रश्नाचे तोंडच फिरवले. शेवटपर्यंत टिकणे हे वेगळे दान आहे, ते बाप्तिस्मा घेतलेल्या प्रत्येकाला मिळतेच असे नाही, आणि आपल्याला मिळाले की नाही हे जिवंतपणी कळत नाही. 1547 मध्ये ट्रेंटच्या परिषदेने कॅथलिक भूमिका पक्की केली: गंभीर पापाने कृपा जाते, विश्वास उरला तरी, पापनिवेदनाने ती परत मिळते.

सोळाव्या शतकातला प्रोटेस्टंट सुधारक कॅल्व्हिन याच्या अनुयायांत ठिणगी हॉलंडमध्ये पडली. तिथला धर्मपंडित आर्मिनियस याच्या अनुयायांनी 1610 मध्ये पाच कलमे मांडली. पाचव्यात त्यांनी ‘पडता येते’ असे म्हटलेच नव्हते. शास्त्रातून आणखी तपासावे, एवढेच. ठाम ‘येते’ नंतर आले. 1618-19 च्या कॅल्व्हिनपंथीयांच्या डॉर्ट येथील सभेने ते फेटाळले आणि आर्मिनियसच्या बाजूच्या सुमारे 200 पाळकांची पदे गेली. ‘एकदा तारण म्हणजे कायमचे, मग काहीही करा’ हे मात्र डॉर्टच्या माथी मारू नये. बायबलमधल्या दावीद आणि पेत्र यांची नावे घेऊन सभेने मान्य केले की खरे विश्वासणारेही भयंकर पडतात. फक्त देव त्यांना पुरते पडू देत नाही. मेथडिस्ट पंथाचा संस्थापक वेस्ली याने 1751 मध्ये उलट बाजू लावून धरली: पुरतेही पडता येते.

महाराष्ट्रात दोन्ही प्रवाह आले. 1813 ची अमेरिकन मराठी मिशन आणि 1829 मध्ये मुंबईत आलेले स्कॉटिश जॉन विल्सन कॅल्व्हिनी घडणीचे. 1871 पासून विल्यम टेलर यांच्यामागून मेथडिस्ट आले. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, तेव्हा प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल, अँग्लिकन, बॅप्टिस्ट आणि ब्रिटिश परंपरेतले मेथडिस्ट एकत्र आले. त्यांनी समान पाया म्हणून प्रेषितांचा आणि नायसीन असे दोन मतांगीकार, म्हणजे श्रद्धेची ठरलेली विधाने, धरले. या प्रश्नावर दोन्हींत एक शब्द नाही.