जुनी गाडी ऑइल का गाळते: पोर्चमधल्या काळ्या डागाची पार्श्वभूमी

जूनमध्ये पोर्चमध्ये लावलेली जुनी गाडी पावसाळा सरल्यावर बाहेर काढली की खालच्या फरशीवर काळा डाग दिसतो, आणि लगेच ‘ऑइल सील गेलं’ असा निष्कर्ष निघतो. पण १९६०च्या आधीच्या कितीतरी ब्रिटिश इंजिनांना मागच्या बाजूला ऑइल सील (फिरत्या दांड्याभोवती ऑइल अडवणारं कडं) नसतंच. नसलेलं सील बदलायला इंजिन उतरवणं म्हणजे पैसे पाण्यात. म्हणून त्या काळी ऑइल कसं अडवायचे, ते आधी समजून घ्यायला हवं.

अगदी सुरुवातीच्या मोटारींत वापरलेलं ऑइल परत गोळा करायची सोयच नव्हती. ते थेंबाथेंबानं बेअरिंगवर पडायचं, जळायचं किंवा रस्त्यावर सांडायचं, आणि ड्रायव्हर डबा भरत राहायचा. फोर्डच्या मॉडेल टीमध्ये ऑइल चेंबरमध्येच (इंजिनाच्या तळाच्या भांड्यातच) फिरू लागलं, पण पंप नव्हता. फ्लायव्हील हे जड फिरतं चाक ते उडवायचं आणि पातळी बघायला खाली दोन लहान तोट्या होत्या. पुढे पंप आला, दाब आला, आणि क्रँकशाफ्ट (इंजिनातला मुख्य फिरता दांडा, थोडक्यात क्रँक) चेंबरमधून बाहेर पडतो तिथं ऑइल थोपवायचं कसं, हा खरा प्रश्न उभा राहिला.

ब्रिटिशांचं उत्तर होतं आटे. मॉरिस मायनर आणि ऑस्टिनच्या ए-सिरीज इंजिनात, तसंच आपल्या अ‍ॅम्बेसेडरच्या १४८९ सीसी बी-सिरीज इंजिनात, क्रँकच्या मागच्या टोकावर उलटे आटे पाडलेले असतात. क्रँक फिरला की हे आटे बाहेर निघालेलं ऑइल स्क्रूसारखं मागे चेंबरमध्ये ओढतात. भोवतालच्या घराला ते टेकत नाहीत. मध्ये केसाएवढी फट असते. घासायला काही नाही, म्हणून झिजायलाही काही नाही. मात्र इंजिन बंद झालं की ओढ थांबते, आणि फटीत राहिलेलं ऑइल हळूहळू बाहेर येतं. लांबच्या फेरीनंतर पडणारे दोन-चार थेंब बिघाडाचे नाहीत, या रचनेचेच आहेत. कारखान्यालाही ते ठाऊक होतं: मायनरच्या बेलहाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या आवरणाच्या) तळाला भोक आहे आणि त्यात सैल लोंबकळणारी स्प्लिट पिन आहे. गाडी हलली की ती हलते आणि भोक तुंबू देत नाही. काही जण तिथं एम-सील भरतात. मग ऑइल आत साचून क्लचवर जातं आणि क्लच घसरायला लागतो.

जर्मन गाड्यांचा मार्ग वेगळा. जुन्या मर्सिडीजमध्ये क्रँकच्या मागे ग्राफाइट लावलेली अ‍ॅस्बेस्टॉसची विणलेली दोरी खाचेत दाबून बसवलेली असते. जर्मनीतच १९३०च्या दशकात फ्रॉयडेनबर्ग कंपनीनं ‘सिमरिंग’ हे ओठाचं सील पुढे आणलं. आधी चामड्याचं, मग कृत्रिम रबराचं, आतून स्प्रिंग आवळलेलं. आजची सगळी ऑइल सील त्याच वंशातली. ब्रिटिश इंजिनांपर्यंत ते पोहोचायला वेळ लागला. एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या बी-सिरीज इंजिनाला मागे रबरी सील मिळालं ते १९६४मध्ये, पाच बेअरिंगांच्या क्रँकबरोबर.

गोव्यात या सगळ्या पद्धतींच्या गाड्या एकाच वेळी आल्या. १९५०च्या दशकात, पोर्तुगीज राजवटीत, खनिजाच्या निर्यातीनं हातात पैसा आला होता आणि आयातीवर शेजारच्या भारतासारखी बंधनं नव्हती. मॉरिस, ऑस्टिन, ओपेल, बीटल, मर्सिडीज अशा गाड्या इथल्या रस्त्यांवर उतरल्या. १९ डिसेंबर १९६१नंतर भारताचे आयात नियम लागू झाले आणि सुटे भाग मिळणं कठीण झालं. पॅकिंग (दोन भागांच्या सांध्यात घालायचे थर) मग गॅरेजमध्येच कापली जाऊ लागली: भागावर कागद ठेवायचा, गोल डोक्याच्या (बॉल-पीन) हातोडीनं कडेकडेनं ठोकायचं, कागद नेमका कापला जातो. ही पद्धत आजही उत्तम आहे. क्रँकमागच्या दोरीच्या बाबतीत मात्र हात राखावा. हार्डवेअरच्या दुकानात बार्जच्या (मालवाहू होडीच्या) शाफ्टसाठी मिळणारी ग्लँडची दोरी पाणी अडवण्यासाठी असते. क्रँकच्या वेगाला आणि उष्णतेला ती नाही. अ‍ॅस्बेस्टॉस नसलेली, इंजिनासाठीचीच दोरी घ्यावी, ऑइलमध्ये भिजवावी, गुळगुळीत गोल दांड्यानं खाचेत दाबावी आणि दोन्ही टोकं कडेच्या साधारण अर्धा मिलिमीटर वर राहतील अशी धारदार पात्यानं कापावीत. जुनी दोरी कोरडी खरवडू नये. अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ उडू नये म्हणून ओली करून, मास्क लावूनच काढावी.

टॅपेट कव्हर (इंजिनावरचं झाकण) आणि चेंबरची पॅकिंग बुचाची (कॉर्कची) असायची. जगातलं सुमारे निम्मं बूच आजही पोर्तुगालात निघतं. बूच ओलं झालं की फुगतं, वाळलं की आकसतं, म्हणून कपाटात पडून राहिलेल्या पॅकिंगची भोकं जुळत नाहीत. अर्धा तास कोमट पाण्यात ठेवली की ती मापावर येते. इथली नेहमीची चूक म्हणजे ताकद. ए-सिरीजच्या टॅपेट कव्हरचे नट फक्त ४ फूट-पाउंड (आवळण्याच्या जोराचं माप) आणि चेंबरचे बोल्ट ६ फूट-पाउंड आवळायचे असतात. गळती दिसली म्हणून आणखी आवळलं की बूच चिरडतं आणि पत्र्याची कड बोल्टापाशी वर उचलली जाते. मग कितीही पॅकिंग बदला, तिथून थेंब येणारच. आधी ती कड लाकडी ठोकळ्यावर धरून सपाट करावी. सिलिकॉनचा जाड थर देऊच नये. आतल्या बाजूला पिळून आलेला तुकडा सुटतो आणि ऑइल पंपाच्या जाळीत अडकतो.

पुढच्या टायमिंग कव्हरमध्ये (क्रँकच्या पुढच्या टोकावरच्या झाकणात) आधी नमदा होता, नंतर रबर. त्याच्या आत ऑइल उडवून लावणारी चकती असते. ती उलटी बसली की नवं सीलही गळतं. ज्या चकतीवर ‘एफ’ कोरलेलं असतं, ती बाजू पुढे. कव्हरचे बोल्ट आवळण्याआधी क्रँकची पुली आत सरकवून कव्हर मध्यावर आणावं.

पण या सगळ्याच्या मुळाशी पुष्कळदा ब्रीदर (इंजिनातली हवा बाहेर सोडणारी नळी) असतो. जुन्या इंजिनातली वाफ आणि पिस्टनच्या रिंगांवरून उतरलेला वायू खाली लोंबणाऱ्या नळीतून निघतो, आणि नळीतली ओढ गाडी वेगात असतानाच तयार होते. नळीतली जाळी चिकटली, रिंगा झिजल्या, की चेंबरमध्ये दाब वाढतो आणि तो दाब ऑइलला मिळेल त्या फटीतून बाहेर ढकलतो. आट्यांच्या रचनेला तर हा दाब मुळीच सोसत नाही. म्हणून पहिलं काम: जाळी रॉकेलमध्ये धुवा, मग इंजिन चालू ठेवून ऑइल भरायच्या तोंडावर तळहात ठेवा. जोराची धडधड लागली तर दुखणं सीलचं नाही, रिंगांचं आहे.

थेंब कुठून येतो ते शोधायला खालून रॉकेलनं स्वच्छ पुसावं, कोरडं झालं की टॅल्कम पावडर उडवावी आणि दहा-पंधरा किलोमीटर फिरून यावं. ओलसर रेघ मूळ दाखवते. मग खाली पांढरा पुठ्ठा रात्रभर. मायनरच्या गिअरबॉक्समध्येही ३० नंबरचंच इंजिन ऑइल जातं, त्यामुळे वासावरून फरक कळत नाही. काळं ते इंजिनाचं, मधासारखं ते गिअरबॉक्सचं. मिनिटाला एक थेंब म्हणजे दिवसाला १४४० थेंब. २५-३० थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर जवळजवळ ५० मिलिलिटर. एवढं असेल तर इंजिन उघडायला हवं. रात्री पाच-सहा थेंब पडत असतील तर ऑइलची पातळी डिपस्टिकच्या दोन खुणांच्या मध्ये ठेवावी आणि गाडी नाक किंचित खाली राहील अशी लावावी. मागचं टोक उताराकडे असेल तर ऑइल आट्यांकडेच साचतं. सील फुगवणारी बाटलीतली औषधं रबरावर चालतात. आट्यांवर आणि बुचावर त्यांचा काही उपयोग नाही.

आट्यांच्या जागी रबरी सील बसवायचे किट मिळतात. त्याआधी २०२१चे केंद्रीय नियम वाचावेत: पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेल्या गाडीला व्हिंटेज नोंदणी हवी असेल तर ती मूळ स्वरूपात लागते, आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला चालत नाही. ज्यासाठी क्रँक ग्राइंडरवर घासून घ्यावा लागतो ते किट टाळावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

खाली जीआय पत्र्याचा कडा वळवलेला ट्रे ठेवावा, त्यात लाकडाचा भुसा. पोर्चची जमीन जांभ्याची असेल तर हे अधिकच गरजेचं. जांभा सच्छिद्र असतो आणि घराची विहीर बहुधा चार पावलांवरच असते. भिजलेला भुसा आणि जुनं ऑइल झाकणाच्या डब्यात साठवून वापरलेलं ऑइल घेणाऱ्याकडे द्यावं, परसात ओतू नये.