ओल आहे तोवर

सकाळचे सहा चाळीस. एका शेगडीवर चहा, दुसरीवर भाजी, पाच पोळ्या लाटायच्या बाकी, आणि आतून आवाज येतो, "आई, माझा एक मोजा सापडत नाहीये!" अशा वेळी नुकत्याच आंघोळ करून आलेल्या बाईला स्वतःसाठी किती वेळ मिळतो? मी एकदा घड्याळ लावून पाहिलं. बाथरूमची कडी काढल्यापासून पहिल्या हाकेपर्यंत चार मिनिटं. त्यातलं एक टॉवेल शोधण्यात गेलं.

या चार मिनिटांच्या बाईला सल्ले मात्र भलतेच मिळतात. बेसन-साय लावा आणि वीस मिनिटं थांबा. अहो, वीस मिनिटं थांबायला असती तर मी झोपले नसते का? पण मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते, आणि फळ्यावर तोच धडा वर्षानुवर्षं लिहिताना एक गोष्ट लक्षात आली. आपली कातडी, आपले केस आणि आपला सुती कुर्ता ही तिन्ही ओली असताना एक वागतात आणि वाळली की दुसरं. वाळण्याआधीची ती दोन-चार मिनिटं पकडली, तर पुढच्या अर्ध्या तासाचं काम वाचतं.

कातडीपासून सुरुवात करू. आपण जिला हात लावतो ती सगळ्यात वरची कातडी मेलेल्या पेशींची असते. अशा पेशींचे पंधरा-वीस थर, तेही चेहऱ्यावर कागदापेक्षा पातळ. पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्यामधले स्निग्ध पदार्थ म्हणजे चुना, असं या भिंतीचं चित्र शास्त्रज्ञ काढतात. आतलं पाणी बाहेर जाऊ न देणं हे तिचं काम. कढत पाणी आणि साबण नेमका हा चुना खरवडतात. शिवाय कातडी किंचित आम्लधर्मी असते, तिचा सामू (पीएच, म्हणजे आम्लपणाचं माप) साधारण 5, आणि वडीच्या साबणाचा 9 ते 10, म्हणजे उलट अल्कधर्मी. साबणानंतर चेहरा 'ताणल्यासारखा' वाटतो तो स्वच्छतेमुळे नाही, चुना निघाल्यामुळे. काखा, जांघा, पावलं इथे साबण हवाच, पण हातापायांना आणि चेहऱ्याला तो रोज रगडून लावायची गरज बहुतेकींना नसते.

आंघोळ झाल्यावर या विटा पाणी पिऊन फुगलेल्या असतात आणि पंख्याखाली ते पाणी काही मिनिटांत उडून जातं. म्हणून क्रीम लावायचं ते तेव्हाच, अंग टॉवेलनं नुसतं टिपून, अजून दमट असताना. महाग क्रीमची इथे गरज नाही. ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं आणि पेट्रोलियम जेली त्यावर झाकण घालते. या जेलीचं पेटंट अमेरिकेत रॉबर्ट चेसब्रो यांनी 1872 साली घेतलं. तेव्हापासून कितीतरी देखण्या बाटल्या आल्या, पण निव्वळ पाणी अडवण्यात या चिकट डबीला मागे टाकणारं फारसं काही आलेलं नाही. चेहऱ्यावर ती जड वाटते, मुरुमं येणाऱ्यांनी तर टाळावीच. कोपरांना, हातांना आणि टाचांना उत्तम.

टाचांचा विषय निघालाच आहे तर सांगते. तळहात आणि तळपाय इथे तेल पाझरणाऱ्या ग्रंथीच नसतात. दिवसभर ओल्या मोरीत आणि कोरड्या फरशीवर अनवाणी फिरणाऱ्या पावलांना भेगा पडल्या तर नवल नाही. कोकणात यावर कोकमतेल लावतात. ते बाटलीत नसतं, पिवळट-पांढऱ्या घट्ट गोळ्याच्या रूपात मिळतं. पळीत जरासं गरम करून भेगेत भरायचं आणि वर मोजे घालून झोपायचं. (सापडत नसलेला तो मोजा बहुधा इथेच असतो.) हे तेल घरातल्या हवेत घट्ट आणि अंगाच्या उबेला मऊ राहतं, म्हणून भेगेत टिकतं. पाय आधी कोमट पाण्यात बुडवून टिपून घेतले तर परिणाम जास्त, कारण तेच: ओल आत, झाकण वर.

आता केस. केस म्हणजे केराटिन नावाच्या प्रथिनाच्या साखळ्या. या साखळ्या एकमेकींना धरून असतात ते मुख्यतः दोन प्रकारच्या बंधांनी. गंधकाचे बंध पक्के, ते मोडायला पार्लरमधली रसायनं लागतात. हायड्रोजन बंध कच्चे, पण संख्येनं पुष्कळ. ते नुसत्या पाण्यानं सुटतात आणि केस वाळताना ज्या आकारात असतील त्या आकारात पुन्हा जुळतात. रात्री किंचित दमट केसांची सैल वेणी घालून झोपलं की सकाळी येणाऱ्या लाटा याच. केस कुरळे करणाऱ्या यंत्राला दहा मिनिटं आणि वीज लागते, वेणी झोपेत काम करते. आणि पावसाळ्यात मुंबईत लोकलमधून उतरेपर्यंत सरळ केलेले केस पुन्हा फिसकारतात ते का, हेही यातूनच कळतं. हवेतली वाफ त्या बंधांमध्ये शिरते आणि सगळी मेहनत परत घेते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत मी त्या नादालाच लागत नाही.

केस ओले असतात तेव्हा दुबळेही असतात. ओला केस मूळ लांबीच्या सुमारे 30 टक्के ताणला जातो आणि त्याच वेळी कंगव्याने ओढला की तुटतो. जाड टॉवेलने खसाखसा पुसण्याऐवजी आजीसारखा जुना मऊ पंचा गुंडाळावा, गुंता मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकाकडून वर सोडवत यावं. ओल्या केसांचा करकचून अंबाडा बांधून डबा भरायला धावू नये. कपाळाच्या कडेचे केस वर्षानुवर्षं ओढले गेले की ते मागे सरकतात, आणि खूप उशीर झाला तर परत येत नाहीत.

खोबरेल तेलाबद्दल मी आधी साशंक होते. आजी सांगते म्हणून ते खरं, असं मानणाऱ्यांतली मी नाही. पण 2003 साली मुंबईच्या आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली. केस धुताना आणि विंचरताना त्यातलं प्रथिन झिजतं, ती झीज तिघांपैकी फक्त खोबरेलाने ठळकपणे कमी केली. खोबरेलात जवळजवळ निम्मं लॉरिक आम्ल असतं. त्याचा रेणू लहान आणि सरळ, त्यामुळे तो केसाच्या आत शिरतो. बाकीची दोन्ही तेलं बाहेरच बसून राहतात. हे दोघे संशोधक खोबरेल विकणाऱ्याच कंपनीत होते, हे सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही, पण प्रयोग पद्धतशीर होता. त्यातून निघणारी कामाची गोष्ट अशी की तेल न्हाण्याआधी लावलं तरी चालतं. धुताना केस पाणी पिऊन फुगतो, मग आकसतो, आणि दर वेळी थोडा झिजतो. आत गेलेलं तेल ही फूग आवरतं. म्हणजे तेल चोपडून ऑफिसला जायची गरज नाही. शनिवारी रात्री चमचाभर, रविवारी न्हाणं, झालं.

आणि कुर्ता? कापसाचा धागा म्हणजे सेल्युलोज. त्याच्या साखळ्यांनाही हायड्रोजन बंधच बांधून ठेवतात. म्हणून सुती साडीवर पाणी शिंपडून इस्त्री केली की चुण्या जातात, कोरडीच केली की जात नाहीत. म्हणूनच आई ओरडायची, "कपडे झटकून वाळत घाला!" झटकलेला, खांदे सरळ करून हँगरवर वाळलेला कुर्ता निम्मी इस्त्री झालेलाच असतो. माझ्या आईला हायड्रोजन बंध ठाऊक नव्हते, पण तिची दोरी विज्ञानाच्या वर्गात दाखवण्याजोगी होती. आता मी उद्याचा कुर्ता बाथरूमच्या खुंटीला लावते. कढत पाण्याची वाफ बारीक चुण्या सोडवते आणि नाश्ता होईपर्यंत कापड वाळतं. खळ घातलेल्या कडक साडीला मात्र ही युक्ती लागू नाही, ती लिबलिबीत होते.

इथवर पाणी झालं. पण बहुतेक आयांची तक्रार वेगळी असते: "केस मुठीमुठीने जातायत." माझी मुलगी तीन महिन्यांची असताना न्हाणीघराच्या जाळीवर केसांचा पुंजका बघून मी रडले होते. सासूबाई म्हणाल्या, "बाळ आईला ओळखायला लागलं की आईचे केस गळतातच." मला ते खुळचट वाटलं. नंतर वाचलं तेव्हा कळलं, त्यांचं कॅलेंडर अचूक होतं. डोक्यावरच्या साधारण एक लाख केसांपैकी एरवी 10 ते 15 टक्के विश्रांतीत असतात आणि रोज 50 ते 100 गळतात. गरोदरपणात इस्ट्रोजेन हे संप्रेरक वाढतं आणि गळायचे केसही डोक्यावरच थांबतात, म्हणून तेव्हा केस दाट दिसतात. बाळंतपणानंतर इस्ट्रोजेन एकदम उतरतं, थांबलेले सगळे केस एकदमच विश्रांतीत जातात आणि दोन ते चार महिन्यांनी गळू लागतात. म्हणजे ती गळती नवी नसते, जुनी थकबाकी असते. बहुतेकींचं हे वर्षभरात आपोआप भरून निघतं. कोणत्याही शाम्पूला त्याचं श्रेय देऊ नका. वर्ष उलटूनही थांबलं नाही तर तेल बदलण्याआधी रक्तातलं लोह आणि थायरॉइड तपासून घ्या.

वांगाचं तसं नाही, तो आपोआप जाईलच असं सांगता येत नाही. गरोदरपणात गालांवर उठणारे हे तपकिरी डाग उन्हाने गडद होतात, आणि आपल्यासारख्या सावळ्या कातडीत अतिनील किरणांखेरीज डोळ्यांना दिसणारा साधा प्रकाशही त्यांना खतपाणी घालतो. म्हणून वांग असलेल्यांनी रंगीत, लोह ऑक्साइड असलेलं सनस्क्रीन घेतलेलं बरं. मात्रा मात्र महत्त्वाची: तर्जनी आणि मधल्या बोटावर टोकापासून मुळापर्यंत एकेक रेघ, तेवढं चेहऱ्याला आणि मानेला. डब्यावरचा संरक्षणाचा आकडा (एसपीएफ) दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम लावून मोजलेला असतो, आणि आपण सहसा त्याच्या पाव ते निम्मं फासतो. खिडकीजवळ बसणाऱ्यांनी काचेवर भिस्त ठेवू नये. साधी काच त्वचा भाजवणारे किरण अडवते, पण तिला काळवंडवणारे बरेचसे आत सोडते.

वांगाच्याच धाकाने बायका 'आठवड्यात उजळ' करणाऱ्या क्रीमकडे वळतात. मेडिकलवाल्याने सहज हातात दिलेल्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड असू शकतं. महिनाभर गाल खरंच उजळतात, मग पातळ, लाल आणि केसाळ होतात. त्याहून वाईट म्हणजे अशा काही क्रीममध्ये असणारा पारा, तो मूत्रपिंडाला इजा करतो. जुलै 2021 ते सप्टेंबर 2023 या काळात केरळमधल्या कोट्टक्कल इथे डॉक्टरांना मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे 22 रुग्ण सापडले. त्यातल्या 15 जणांमध्ये एक खास प्रथिन आढळलं आणि त्या 15 पैकी 13 जणांनी उजळपणाची क्रीम वापरली होती. डब्यावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता आणि घटक नसतील तर ती क्रीम फुकट मिळाली तरी नको.

चार मिनिटांतलं शेवटचं मिनिट मी डोळ्यांना आणि ओठांना देते, त्यालाही कारण आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड रसेल यांनी 2009 साली दाखवलं की डोळे-ओठ आणि भोवतालची कातडी यांच्यातला उजळ-गडदपणाचा फरक बायकांच्या चेहऱ्यात पुरुषांपेक्षा जास्त असतो, आणि मेकअप तोच फरक वाढवतो. नंतरच्या अभ्यासांत दिसलं की वयाबरोबर हा फरक ओसरतो: भुवया विरळ होतात, ओठांची लाली फिकी पडते, आणि बघणारा नकळत त्यावरून वयाचा अंदाज बांधतो. फ्रेंच, चिनी, लॅटिन अमेरिकी आणि दक्षिण आफ्रिकी बायकांवर हे पाहिलं गेलं. आपल्याकडच्या बायका त्यात नव्हत्या, पण काजळाची रेघ, लिपस्टिकचं एक बोट आणि टिकली एवढ्यावर आपल्या आज्या-मावश्या लग्नघरात कशा उठून दिसायच्या ते आठवलं की मला त्यात फार नवल वाटत नाही. फाउंडेशनचे तीन थर कातडी एकसारखी करतात, फरक वाढवत नाहीत. वेळ कमी असेल तर ते सोडा आणि काजळ धरा. ते चांगल्या कंपनीचं असावं, आणि तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत मुळीच नको.

टिकलीचं एक सांगायचं राहिलं. बाथरूमच्या आरशाच्या कोपऱ्यात चिकटवलेल्या टिकल्यांची रांग घरोघरी असते. तीच टिकली तीन-तीन दिवस चालवतात. काही टिकल्यांच्या गोंदात पॅरा-टर्शरी-ब्युटाइल-फिनॉल नावाचं रसायन असतं आणि त्याने कपाळावर पांढरा डाग पडू शकतो, हे भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी 1990 सालीच नोंदवलं आहे. खाज आली, रंग उतरल्यासारखा वाटला, की तो ब्रँड बंद. आजी मेण लावून वर कुंकू रेखायची, तेही हळदीला चुन्यासारख्या अल्कलीने लाल करून केलेलं. हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो, तीच ही करामत. आताच्या स्वस्त कुंकवात मात्र बहुधा हळद नसते, रंग असतो.

झोपेबद्दल लिहू की नको, असा विचार करत होते, कारण आईला "झोप घ्या" म्हणणं म्हणजे भुकेल्याला पाककृती वाचून दाखवणं. पण 2010 साली स्टॉकहोममध्ये 23 जणांचे फोटो दोनदा काढले गेले, एकदा नीट झोपल्यावर आणि एकदा सलग 31 तास जागल्यावर. ज्यांना काहीच माहीत नव्हतं अशा 65 जणांनी फोटो बघून जागलेल्या चेहऱ्यांना कमी आकर्षक आणि कमी निरोगी ठरवलं. माझी मुलगी तीन महिन्यांची असताना हा प्रयोग आमच्या घरी रोज चालायचा, फक्त फोटो कोणी काढले नाहीत.