'फॉर हूम द बेल टोल्स', १९५९ : लाइव्ह म्हणायचं की नाही?

या टीव्ही-नाटकाबद्दल कुठेही वाचलं की 'लाइव्ह टेलिव्हिजनच्या जमान्यातलं' हे बिरुद लागलेलं असतंच. जमाना तोच होता, पण नाटक लाइव्ह नव्हतं, आणि सगळा घोळ तिथेच आहे. अर्नेस्ट हेमिंग्वेची कादंबरी १९४०ची, सिनेमा १९४३चा, गोष्ट माहीतच आहे सगळ्यांना, स्पेनचं यादवी युद्ध, डोंगरातली टोळी, पूल उडवायचाय आणि तीनेक दिवसांत प्रेम. मी बोलतोय ते १२ आणि १९ मार्च १९५९ला, लागोपाठच्या दोन गुरुवारी अमेरिकेत सीबीएस नेटवर्कच्या 'प्लेहाऊस ९०' या नाट्यमालिकेत दोन भागांत दाखवलं त्याबद्दल.

युद्धातली प्रेमकथा लाइव्ह टीव्हीला तशी सोयीची होती. लढाई स्टुडिओत मावत नाही, पण दोन चेहरे मावतात. तोफा, विमानं बाहेर कुठेतरी, नुसत्या आवाजात, किंवा मध्येच जुन्या फिल्मचे तुकडे जोडायचे, आणि कॅमेरा गुहेत नाहीतर हॉस्पिटलच्या खाटेपाशी. याच लेखकाची पहिल्या महायुद्धावरची प्रेमकथा १९५५ मध्ये तासाभरात लाइव्ह बसवून झालीच होती.

ते लाइव्ह म्हणजे काय प्रकार असायचा तो डोळ्यापुढे आणा. एकाच स्टुडिओत चार-पाच सेट चिकटून मांडलेले, मध्ये जाडजूड केबल ओढत फिरणारे कॅमेरे, डोक्यावर माईकचा बूम. नायकाने इथला निरोपाचा सीन संपवला की कॅमेरा नायिकेच्या चेहऱ्यावर थांबणार, तेवढ्यात याने पाय न वाजवता पलीकडे पळायचं, पळता पळता कोट बदलायचा, आणि पुढच्या सीनमध्ये दम न लागल्यासारखं बोलायचं. रिटेक नाही, विंगेत लपणं नाही. १९५४ मध्ये एका लाइव्ह नाटकात प्रेत झालेला नट सीन संपला समजून कॅमेऱ्यादेखत उठून चालता झाला, तो किस्सा अजून सांगतात.

आता 'लाइव्ह' या शब्दाकडे या. प्लेहाऊस ९० ऑक्टोबर १९५६ला सुरू झालं, दर आठवड्याला दीड तासाचं नाटक, बहुतेक लाइव्ह, काही फिल्मवर. नाटक लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत व्हायचं, पण पूर्व किनाऱ्यावर रात्री साडेनऊला दिसायला हवं, म्हणून इकडे संध्याकाळी साडेसहालाच करायचे. पश्चिमेच्या लोकांना सुरुवातीला काय दिसायचं, तर मॉनिटरसमोर फिल्मचा कॅमेरा लावून घेतलेली कॉपी, म्हणजे किनेस्कोप, घाईघाईने धुऊन तीन तासांनी लावलेली, करडी आणि धुरकट. म्हणजे स्टुडिओच्या मागच्या गल्लीत राहणाऱ्या माणसाला ते लाइव्ह दिसायचं नाही आणि चार हजार किलोमीटरवरच्या न्यूयॉर्कला दिसायचं. मग लाइव्ह नक्की कोणासाठी?

तोवर व्हिडिओटेप आली. एप्रिल १९५६ मध्ये शिकागोत पहिल्यांदा मशिन दाखवलं, ३० नोव्हेंबरला नेटवर्कने बातम्या पश्चिमेला उशिरा दाखवायला वापरलं पण. सुरुवातीचा उपयोग एवढाच, वेळेचा फरक सांभाळणं. टेपवरच कोणी नाटक घडवेल असं कोणाच्या फारसं मनात नव्हतं.

मग १९५९चा तो निर्णय. मुख्य भूमिकांतली तीन माणसं त्याच दिवसांत न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर रोज संध्याकाळी उभी राहत होती, एक जण एका नाटकात आणि दोघं दुसऱ्या. गुरुवारी साडेनऊला टीव्हीवर या म्हणजे तिकडे तिसरी घंटा होऊन पडदा वर गेलेला. एकच माणूस दोन ठिकाणी कसा असणार? म्हणून न्यूयॉर्कलाच काम करून टेप केली. यावर जुन्या खोडांचं म्हणणं असं की इथेच लाइव्ह नाटक मेलं, एकदा टेपची चटक लागली की नट सैल पडतो, दिग्दर्शक सीन तोडायला लागतो. दुसरी बाजू म्हणते की नाहीतर ही नटमंडळी मिळालीच नसती.

मला पहिलं म्हणणं अर्धवट वाटतं, आणि त्याचं कारण टेपच्या मशिनमध्येच आहे. दोन इंच रुंद टेप, सेकंदाला पंधरा इंच पळणारी, म्हणजे दीड तासाला दोन किलोमीटरच्या आसपास. जोड द्यायचा तर टेपवर लोखंडाच्या बारीक भुकटीचं द्रावण लावून चुंबकीय रेघा दिसतील असं करायचं, भिंगातून बघायचं, ब्लेडने नेमकं कापायचं आणि चिकटवायचं, त्यात आवाज आणि चित्र टेपवर एकाच जागी नसतात, म्हणजे कापलं की एकातरी गोष्टीचा घोळ. ही कटकट कोण दर वाक्याला करणार? म्हणून लांबलचक सीन एका दमात करायचे, जवळपास लाइव्हसारखेच, चुकलं तर निस्तरायचं तिथेच. टेप असूनही अंगात घाम तोच होता. माझी तक्रार वेगळी आहे, सत्तर-बाहत्तर तासांत जळून संपणारं प्रेम तुम्ही मध्ये एक आठवडा थंड करायला ठेवलंत.

(आपल्याकडे मुंबईत टीव्ही आला २ ऑक्टोबर १९७२ला, तोवर तिकडे टेप येऊन सोळा वर्षं झालेली, त्यामुळे हे भांडण आपल्या वाट्याला त्या रूपात आलंच नाही.)

विषयही तसा बिनधोक नव्हता. नायक स्पेनच्या प्रजासत्ताकाच्या बाजूने लढणारा अमेरिकन, आणि १९५० मध्ये रेडिओ-टीव्हीतल्या, कम्युनिस्टांशी लागेबांधे असल्याचा संशय घेतलेल्या १५१ जणांची नावं छापून आलेल्या पुस्तिकेत स्पेनच्या त्या बाजूला केलेली मदत हाही संशयाचा मुद्दा धरला होता. १९५३ला तर अमेरिकेने त्या प्रजासत्ताकाविरुद्ध लढून जिंकलेल्या हुकूमशहा फ्रँकोशी लष्करी तळांचा करार केला. अशा वेळी प्रेमकथा पुढे आणि राजकारण मागे ठेवणं सगळ्यांनाच सोयीचं होतं.

१९५९मध्येच क्विझ शोची लबाडी पुरती बाहेर आली, उत्तरं आधीच दिलेली असायची वगैरे, आणि ऑक्टोबरमध्ये नेटवर्कच्या प्रमुखाने जाहीर केलं की यापुढे पडद्यावर जे जसं म्हणून दाखवू ते तसंच असेल. म्हणजे आधीच टेप केलेलं असेल तर तसं सांगायचं. लाइव्ह की नाही हा तोवर तंत्राचा आणि तऱ्हेचा प्रश्न होता, तो आता खरेखोटेपणाचा झाला.

पण गंमत बघा, १९ मार्चच्या बरोबर चार आठवड्यांनी, १६ एप्रिलला, याच मालिकेत नाझींवरच्या न्यूरेंबर्ग खटल्यावरचं नाटक झालं, ते लाइव्ह. जाहिरात देणारी संस्था गॅस उद्योगाची होती, म्हणून छळछावण्यांच्या उल्लेखात 'गॅस' शब्द आला की आवाज बंद केला गेला. लोकांना नटाचे ओठ हलताना दिसत राहिले.