थोरगल न्यायच्या आधी हे वाचा (कुठल्या नंबरपासून सुरू करायचं?)

आपल्या लायब्ररीत व्हायकिंगची कॉमिक्स मागितली की हातात थोरगलच पडतो, आणि सगळ्यात जास्त गोंधळ पण त्याच्यामुळेच होतो. कोणीतरी १ नंबर घेऊन जातं आणि परत देताना विचारतं, अहो हे मधूनच सुरू झाल्यासारखं का वाटतंय? म्हणून हा कागद.

तर झालंय असं की मूळ कॉमिक फ्रेंचमधलं. बेल्जियमच्या 'तँतँ' साप्ताहिकात १९७७ पासून यायला लागलं, गोष्ट ज्याँ व्हान हामची आणि चित्रं पोलंडच्या ग्झेगोश रोशिन्स्कीची, पुस्तकं १९८० पासून. आपल्याकडे आहे ती सिनेबुक प्रकाशनाची इंग्रजी आवृत्ती आणि त्यांनी २००७ मध्ये सुरुवात केली ती डायरेक्ट मूळच्या ७ आणि १४ नंबरपासून! त्या दोन्हीत थोरगल आणि आरिसियाच्या (पुढे त्याची बायको होते ती) लहानपणीच्या गोष्टी आहेत. मग त्यांच्या २ मध्ये मूळचे ३-४, त्यांच्या ३ मध्ये मूळचे ५-६. आणि मूळचे १-२ राहिले ते बऱ्याच वर्षांनी आणले, आता नंबर कुठला द्यायचा, तर दिला शून्य. तेव्हा तो हवा असेल तर काउंटरवर बिनधास्त "शून्य द्या" म्हणा.

आमचं विचाराल तर शून्यापासून सुरू करू नका. त्यात थोरगलला समुद्रकाठच्या खडकाला बांधून भरतीत बुडायला सोडतात आणि एक डोळा नसलेली बाई त्याला सोडवून बदल्यात वर्षभराची चाकरी मागते, सुरुवात भारीच आहे, पण चित्रकाराचा हात अजून बसायचाय. पहिल्यांदा ४ न्या, 'द आर्चर्स'. गोष्ट त्याच पुस्तकात पूर्ण. तिरंदाजीची स्पर्धा आणि क्रिस द व्हॅलनॉरची पहिली एंट्री. ही बाई सोन्यासाठी कोणाचाही गळा कापेल, तरी पुढच्या भागात ती नसली तर चुकल्यासारखं होतं. ते आवडलं की मग १, २, ३.

आता हिरोबद्दल. शिंगांचं हेल्मेट शोधू नका. खऱ्या व्हायकिंग लोकांच्या हेल्मेटला शिंगं नव्हतीच, ती फॅशन रूढ झाली जर्मन संगीतकार वाग्नरच्या १८७६ च्या ऑपेराच्या कपड्यांवरून. आपला हिरो काळ्या केसांचा, गालावर व्रण, हातात धनुष्य, बहुतेक वेळा उघड्या डोक्याचा. शिवाय तो जन्माने व्हायकिंग नाहीच! समुद्रात सापडलेलं बाळ, आलेलं ताऱ्यांवरून (हे १ मध्येच कळतं, त्यामुळे मजा घालवली म्हणू नका). समुद्रदेव एगिरने दिला म्हणून एगिरसन. आणि गंमत म्हणजे याला लढायचंच नसतं, बायको आणि पोरगा जोलान यांना घेऊन कुठल्यातरी बेटावर शांतपणे राहायचं असतं, पण राहू देतील तर ना. पुढे तर त्याची स्मृती जाते आणि क्रिस त्याला पटवते की तू क्रूर समुद्री चाचा शायगन आहेस, आणि त्याला ते पटतं पण. बायको-पोरांचे काय हाल होतात ते वाचूनच बघा.

गँडाल्फ नावाचा राजा भेटेल, तो 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' सिनेमातला दाढीवाला जादूगार नाही हां, हा आरिसियाचा बाप आणि डोक्याने सरकलेला. हे नाव मुळात जुन्या नॉर्स (व्हायकिंग लोकांच्या भाषेतल्या) काव्यातल्या एका बुटक्याचं.

आईबाबांसाठी एवढंच, हे छोट्यांचं कॉमिक नाही. रक्त आहे, माणसं खरंच मरतात. सहावी-सातवीच्या खालच्या पोरांना आम्ही देत नाही, रडली तरी.

शेवटचं, ५ आणि ६. क्वा देशाची चार अल्बमची (म्हणजे मूळच्या चार पुस्तकांची) सलग गोष्ट या दोन पुस्तकांत फोडलीये आणि ५ नको तिथे संपतं. एकाने ५ नेलं, दुसऱ्याने ६ नेऊन महिनाभर ठेवलं आणि मग पहिल्याचे आम्हाला रोज फोन, असं झालंय. त्यामुळे आता दोन्ही एकत्रच मिळतील, धरणार मात्र एकच पुस्तक.