मोनेन्सिन आणि ३-एनओपी: खाद्य वाचवणारे कोणते, मिथेन रोखणारे कोणते?

गाईच्या खाद्यात अत्यल्प प्रमाणात मिसळायचे हे दोन्ही पदार्थ कोठीपोटातील (गाईच्या पोटाच्या सर्वांत मोठ्या कप्प्यातील) सूक्ष्मजीवांवर काम करतात आणि दोन्हींमुळे मिथेन हा तापमानवाढ घडवणारा वायू कमी होतो असे सांगितले जाते, म्हणून त्यांची गल्लत होते. कोठीपोटात वैरण आंबताना हायड्रोजन सुटतो. आर्किया गटातील सूक्ष्मजीव त्यापासून मिथेन बनवतात आणि गाय तो ढेकरांवाटे बाहेर टाकते. खाद्यातील सुमारे ६ टक्के ऊर्जा अशी वाया जाते.

मोनेन्सिन हे प्रतिजैविक हायड्रोजन सोडणाऱ्या जिवाणूंनाच दाबते. त्यामुळे अ‍ॅसिटेट घटते व प्रोपिओनेट वाढते (ही दोन्ही वैरण आंबताना बनणारी आम्ले). प्रोपिओनेटपासून यकृतात ग्लुकोज तयार होत असल्याने तेवढ्याच दुधाला खाद्य कमी लागते. खरा फायदा हाच. मिथेनमधील घट थोडी असते आणि पुष्कळदा टिकत नाही. शिवाय दुधातील फॅट उतरू शकते, आणि आपल्याकडे दुधाचा दर फॅट व एसएनएफवर (फॅट सोडून दुधातील इतर घन घटकांवर) ठरत असल्यामुळे हा तोटा हिशेबात धरायलाच हवा. अमेरिकेत दुभत्या गाईंसाठी त्याला २००४ मध्ये मान्यता मिळाली, तर युरोपीय संघाने वाढीसाठी खाद्यातून प्रतिजैविके देणे २००६ पासून बंद केले. घोड्याला मात्र थोडेसे मोनेन्सिनही जीवघेणे ठरते.

‘बोव्हाएर’ या नावाने विकले जाणारे ३-एनओपी (३-नायट्रोऑक्सिप्रोपॅनॉल हे रसायन) प्रतिजैविक नाही. मिथेन बनण्याच्या अगदी शेवटच्या टप्प्यावरचे आर्कियांचे विकर (एन्झाइम) ते अडवते आणि दुभत्या गाईंमध्ये मिथेन सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. युरोपीय संघाने ते २०२२ मध्ये, अमेरिकेने २०२४ मध्ये स्वीकारले. मिथेन थांबला म्हणजे वाचलेली ऊर्जा दुधात उतरेल, हा तर्क स्वाभाविक असला तरी तो फारसा खरा ठरत नाही, कारण अडलेल्या हायड्रोजनपैकी काही वायुरूपातच निघून जातो आणि काही वेळा गाय थोडे कमी खाते. म्हणून मिथेन घटवल्याचा मोबदला कोणी देणार नसेल, तर हा खर्च केवळ पशुपालकाच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते.

आपल्या गोठ्यांत आणखी एक अडचण आहे. ३-एनओपी कोठीपोटात काही तासांतच विघटित होते, त्यामुळे ते दिवसभर प्रत्येक घासाबरोबर पोटात जावे लागते. वैरण आणि खुराक एकत्र कालवून देणाऱ्या गोठ्यांत हे साधते, पण धारेच्या वेळी दोनदा खुराक आणि एरवी कडब्याची कुट्टी या पद्धतीत साधत नाही, आणि कडब्यासारख्या तंतुमय वैरणीवर त्याचा परिणाम मुळातच कमी पडतो.