कॉर्व्हेटला खरंच ट्रकचे पाटे आहेत का?

रेसिंग गेममध्ये शेव्हरोलेची स्पोर्ट्स कार कॉर्व्हेट निवडली की कुणीतरी टोमणा मारतोच, "हिला ट्रकचे पाटे आहेत." पाटा (चपट्या पट्ट्यांची स्प्रिंग) आहे, ट्रकचा नाही.

ट्रकमध्ये पाटे गाडीच्या लांबीत, दोन्ही बाजूंना असतात. वजन पेलण्याबरोबरच दोन्ही चाकांना जोडणारा अख्खा अ‍ॅक्सल जागेवर धरण्याचं कामही त्यांच्याकडेच असतं, म्हणून खड्ड्यात एक चाक गेलं की दुसरंही कलतं. १९६३च्या कॉर्व्हेट स्टिंग रेमध्ये मागे एकच पाटा आडवा बसवला. चाकं स्वतंत्र आणि त्यांना धरायला वेगळे आर्म. पाट्याने फक्त स्प्रिंगचं काम करायचं.

१९८१मध्ये ऑटोमॅटिक गिअरच्या मॉडेलांवर फायबरग्लासचा एकपदरी पाटा आला. स्टीलचा जवळपास १९ किलोचा, हा साडेतीन किलोच्या आसपास! १९८४पासून तो पुढेही आला. शिवाय वेटोळ्याच्या कॉइल स्प्रिंगसारखी उंच जागा तो अडवत नाही.

दुखणी मात्र खरी आहेत. जुन्या स्टील पाट्याच्या पट्ट्यांमधली लायनर झिजते, गंज चढतो, पाटा दबून खाली बसतो. टोकांच्या लांब बोल्टवरचे रबर चिरतात. फायबरग्लासच्या पाट्याखाली जॅक तर कधीच लावू नका. ओरखडा पडला की तिथूनच धागे सुटू लागतात. पुढच्या पिढ्यांत टोकाचे बोल्ट फिरवून गाडी खाली घेता येते, पण नंतर अलाइनमेंट करावंच लागतं.

२०२०च्या सी८मध्ये, म्हणजे आठव्या पिढीच्या कॉर्व्हेटमध्ये, इंजिन मध्यभागी गेलं आणि चारही चाकांना कॉइल स्प्रिंग आल्या. गेममधल्या सी८ला पाट्यावरून चिडवणाऱ्याला एवढं सांगितलं तरी पुरे.