सागवानी फर्निचरची निगा: स्पिरिट पॉलिशपासून मेलामाइनपर्यंत

जुन्या सागवानी कपाटाला काय लावायचं, हा विषय दिवाळीच्या साफसफाईत निघाला की दहा जण दहा उपाय सांगतात. खोबरेल, जवसाचं तेल, सोड्याचं पाणी, बाजारातला फवारा. यातला कुठला उपाय चालेल आणि कुठला नुकसान करेल, हे त्या लाकडावर कोणत्या काळातलं पॉलिश बसलेलं आहे त्यावर ठरतं.

लाख आपल्याकडची जुनीच. पळस, बोर, कुसुम या झाडांवरच्या किड्यापासून ती मिळते. लेथवर फिरत्या लाकडाला लाखेची कांडी दाबून रंग चढवायची रीत सावंतवाडीच्या खेळण्यांनी सगळ्यांना माहीत करून दिली आहे. स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख बोळ्याने सपाट लाकडावर पातळ पातळ चढवण्याचं तंत्र मात्र एकोणिसाव्या शतकातल्या युरोपचं. म्हणून ते ‘फ्रेंच पॉलिश’, आपल्याकडचं स्पिरिट पॉलिश. मुंबईत तेव्हा कोरीव शिसवी फर्निचरचा जोर होता. पुढे ब्रह्मदेशी सागाचे पलंग, आरशाची कपाटं, आरामखुर्च्या आल्या, आणि पॉलिशवाला वाड्यावाड्यांतून हिंडू लागला.

त्याची कृती आजही तीच आहे. एक लिटर स्पिरिटला साधारण 150 ग्रॅम चपडा लाख (पातळ पापड्यांची शुद्ध लाख) रात्रभर भिजत घालायची, तीही काचेच्या बरणीत. लोखंडी डब्यात पॉलिश काळवंडतं. सकाळी मलमलमधून गाळायचं. लाकूड 120 आणि मग 220 नंबरच्या पॉलिश पेपरने रेषेच्या दिशेने घासायचं, खडूच्या पुडीत गेरू मिसळून भोकं भरायची आणि कापसाच्या बोळ्याने सहा-आठ हात द्यायचे. बोळा ओढू लागला तर त्यावर जवसाच्या तेलाचा एखादा थेंब. पावसाळ्यात हे काम कोणी जाणता माणूस घेत नाही, कारण दमट हवेत थर वाळताना पांढरट पडतो. तयार द्रावण वर्षभराहून जुनं झालं की ते नीट वाळतच नाही, दिवसेंदिवस चिकट राहतं. ‘पॉलिश वाईट निघालं’ या तक्रारीमागे बहुतेकदा शिळं द्रावण असतं.

या धंद्यावर दारूबंदीचीही सावली होती. मुंबई दारूबंदी कायदा 1949 चा. पिण्यालायक न ठेवलेल्या स्पिरिटपासून केलेल्या पदार्थांच्या त्यातल्या व्याख्येत फ्रेंच पॉलिश आणि वार्निश यांचा नावानिशी उल्लेख आहे. माणसं पॉलिशसुद्धा पीत होती, म्हणून. लाकडाला लावायच्या वस्तूला अबकारी खात्याची नजर चिकटली ती अशी.

लाखेच्या थराचे शत्रू ठरलेले आहेत: अल्कोहोल, उष्णता आणि अल्क. धुण्याचा सोडा, अमोनियावाले क्लीनर आणि तीव्र साबण लाख सरळ विरघळवतात. मिनरल टर्पेंटाइन लाखेला धक्का लावत नाही, पण वर्षानुवर्षांचं मेण, तेलकटपणा आणि हातांचा मळ काढतं. म्हणून जुन्या कपाटाची पहिली सफाई टर्पेंटाइनने, मग कोरड्या सुती फडक्याने. कपाचा पांढरा डाग बहुधा थरात शिरलेल्या ओलाव्याचा असतो. जेमतेम ओलसर अशा स्पिरिटच्या बोळ्याने त्यावरून एकदोनदा झरझर हात फिरवला की तो जातो. हात मध्येच थांबला तर बोळा तिथेच चिकटतो आणि थर उचलला जातो.

हे सगळं साधारण 1980–90 च्या दशकांत मागे पडलं. मेलामाइन आलं. दोन डब्यांचा माल: राळ आणि ती घट्ट करणारा हार्डनर, प्रमाण बहुधा 10 ला 1. आधी सीलर म्हणजे लाकडाची छिद्रं बुजवणारा पहिला थर, 320 नंबरच्या पेपरने घासणं, मग फवाऱ्याच्या गनने दोन कोट. वास काही दिवस डोळ्यांना झोंबतो, तो फॉर्मल्डिहाइडचा. त्याबरोबरच ‘खरवडून मेलामाइन मारून घ्या’ हा सल्ला जवळपास नियमच होऊन बसला, आणि वाद आहे तो इथेच.

मेलामाइनच्या बाजूने बोलण्यासारखं खरोखर आहे. गरम कप, सांडलेला चहा, सॅनिटायझर, सहसा काही लागत नाही. जेवणाच्या टेबलाला लाख लावायचा हट्ट धरणाऱ्याने वर काच तरी टाकावी. पण साठ-सत्तर वर्षांच्या भरीव सागाच्या कपाटाचं गणित वेगळं. भरीव लाकूड पावसाळ्यात आडवं फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. लाखेचा थर सांध्यावर भेगाळला तर स्पिरिटचा एक हात देऊन मिटवता येतो, कारण नवी लाख जुनीत विरघळून एकजीव होते. मेलामाइन रासायनिक क्रियेने घट्ट होतं. ते पुन्हा विरघळत नाही. चौकटीच्या सांध्यावर केसासारखी भेग पडली की अख्खी फळी घासायची. हार्डनर जास्त पडला असेल तर भेगा लवकर, कमी पडला असेल तर थर मऊ राहून नखाचे वण उमटतात. जुनं मेण किंवा तेल पुरतं निघालं नसेल तर पापुद्रे सुटतात, आणि साग मुळातच तेलकट.

खरवडण्याचं नुकसान तर कोणी धरतच नाही. कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने धुतलं की पॉलिश झटकन निघतं, पण साग काळपट होतो. जुने सांधे सरसाने (जनावरांच्या हाडा-कातड्याच्या चिकीने) जोडलेले असतात आणि सरस गरम पाण्याने सुटतो. महिन्याभरात पाय डुगडुगायला लागले तर कारण हेच. म्हणून आधी परीक्षा: मागच्या किंवा खालच्या कोपऱ्यावर स्पिरिटचा कापूस अर्धा मिनिट धरावा. चिकट झालं तर लाख; ती फक्त साफ करून वर दोन हात द्यावेत. स्पिरिटने काही न होता थिनरने विरघळलं तर एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर. दोन्हींना दाद देत नसेल तर मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन), आणि तिथे किंचित साबणाच्या पाण्यात पिळलेलं फडकं पुरतं.

तेलांचा प्रकार थोडक्यात. जवसाचं तेल हवेत वाळून घट्ट होतं, खोबरेल कधीच वाळत नाही. चार दिवस चकाकतं आणि मग धूळ धरून ठेवतं. जवसाच्या तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नये, ते आपोआप तापून पेटू शकतं. पसरून वाळवावं किंवा पाण्यात बुडवावं. सिलिकॉनचे फवारे सोपे खरे, पण ते लाकडात मुरले की पुढचं कुठलंही पॉलिश जागोजागी दुभंगतं. कारागीर त्याला ‘फिश आय’ म्हणतात आणि त्या कामाचे पैसे वेगळे लावतात.

घरातलं बरंचसं फर्निचर आता भरीव नाहीच. फळीवर चिकटवलेल्या लॅमिनेटच्या पत्र्याला पॉलिशची गरज नसते. त्याचा जीव कडेच्या पट्टीत असतो. ती सुटून पाणी आत गेलं की आतला पार्टिकल बोर्ड (लाकडाचा चुरा दाबून केलेली फळी) फुगतो आणि वाळल्यावरही पूर्ववत बसत नाही, म्हणून उचकटलेली पट्टी त्याच आठवड्यात चिकटवावी. पीयू लेदरचे सोफे कोकणपट्टीच्या दमट हवेत काही वर्षांत सोलपटतात. तो थर ओलाव्याने आतूनच तुटत असतो, क्रीम चोळून थांबत नाही. आणि व्हिनियर, म्हणजे प्लायवर चिकटवलेला खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा, असेल तर पॉलिश पेपर हातात घेण्यापूर्वी फळीची कड पाहावी: लाकूड बहुधा अर्ध्या मिलिमीटरचंच असतं, 120 नंबरने जरा जोर दिला की खालचा प्लाय दिसतो.